फौजेतून पेन्शनवर आलेल्या भावासाठी नागपुरात चांगला समुपदेशक सुचवा

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ मागच्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शनवर आला. वय बेचाळीस. मानकापूरला घर आहे, पेन्शन सुरू आहे. पण पहाटे चारला उठून अंगणात बसतो, मुलांच्या चपला जागेवर दिसल्या नाहीत तर घर डोक्यावर घेतो आणि मग दिवसभर कोणाशी बोलत नाही. गार्डची नोकरी लागली होती, तिथल्या साहेबाशी वाजलं आणि सोडली. दारू नाही, मारझोड नाही, लढाईची स्वप्नंही पडत नाहीत. म्हणतो, "तिकडे माझं काम ठरलेलं होतं. इथे मला कोण विचारतं?"

डॉक्टरकडे चल म्हटलं की, "मला पागलखान्यात नेतोस का?" प्रादेशिक मनोरुग्णालय घरापासून जवळ, पण त्याचं नाव काढायची सोय नाही.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे, पॉलिक्लिनिकमधून रेफरल मिळेल. पण नुसत्या गोळ्या नकोत. फौजेची रीत समजणारा, बसून बोलणारा माणूस हवा. सदर, धरमपेठ, कामठी, कुठेही चालेल. वहिनीलाही सोबत घेणारा असला तर फार बरं. इतकी वर्षं तिने एकटीने घर चालवलं, आता साध्या भाजीवरूनही हुकूम सुटतात. तीही थकली आहे. कोणाच्या घरी असा अनुभव असेल तर कृपया लिहा.

उत्तर: मी समुपदेशनाचंच काम करते. न भेटता निदान करता येत नाही, पण वर्णन समायोजनाच्या त्रासाकडे, म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या बदलाशी जुळवून घेताना होणाऱ्या त्रासाकडे, झुकणारं आहे. पीटीएसडीत, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक आजारात, जिवावर बेतलेला प्रसंग पुन्हापुन्हा समोर उभा राहतो, तसं तुम्ही लिहिलेलं नाही. अशा वेळी बोलण्याच्या थेरपीचा, म्हणजे अडचणी एकेक करून सोडवणं आणि सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) यांचा चांगला उपयोग होतो. मात्र त्रास बराच काळ चाललाय, म्हणून नैराश्य नाही ना हे मानसोपचारतज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्याच. रेफरल घेताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (बोलण्यातून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) असलेलं रुग्णालय मागा.

दादा तयार होईपर्यंत वहिनींनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सैन्यातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, २०२३ पासून टेलिमानसचा वेगळा कक्ष आहे, त्याचीही चौकशी करा. दादांशी बोलताना "मन" बाजूला ठेवून झोपेपासून सुरुवात करा, झोपेसाठी डॉक्टर त्यांना चालतील. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्या.