मेरीलँड, २५ मार्च १६३४ आणि मरियेचे सण: जुळून आलं की जुळवून आणलं?

पैलतीर

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतींबद्दल वाचताना एक गोष्ट सारखी समोर येतेय. कोलंबसच्या मुख्य जहाजाचं नाव सांता मारिया. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन वसवणारा पेद्रो मेनेन्देझ किनाऱ्यावर उतरला ८ सप्टेंबर १५६५ला, म्हणजे मरियेच्या जन्माच्या सणादिवशी. मॉन्ट्रियल १६४२मध्ये वसलं ते व्हिल-मारी या नावाने. आणि मेरीलँडमधली पहिली मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) झाली २५ मार्च १६३४ला. गॅब्रिएल देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली, त्याचा सण नेमका त्याच दिवशी. वसाहतीचं नाव मेरी, पहिल्या राजधानीचंही (सेंट मेरीज) मेरी.

कोणी यात दैवी संकेत पाहतं, कोणी योगायोग म्हणून सोडून देतं. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. त्या माणसांनी मुद्दाम काय केलं, आपसूक काय घडलं आणि नंतरच्यांनी काय चिकटवलं, हे वेगळं कसं काढायचं? मेरीलँडबद्दल कोणी खोलात वाचलं असेल तर जरूर लिहा.

चांदणवेल

पैलतीर, मेरीलँडचा हा काळ माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. अशा जुळण्या समोर आल्या की मी एकच पाहते: त्या दिवशी तिथे असलेल्या कोणी स्वतः सणाची नोंद केली आहे का? केली असेल तर तो सण त्यांच्या दिवसाचा भाग होता. नसेल तर जुळवणारे आपण.

मेरीलँडच्या बाबतीत नोंद आहे, आणि ती बोलकी आहे. आर्क आणि डव्ह या दोन जहाजांबरोबर फादर अँड्र्यू व्हाइट हा जेझुइट (या कॅथलिक धर्मसंघाचा) धर्मगुरू होता. मरियेला वार्ता मिळाल्याच्या सणादिवशी आपण सेंट क्लेमेंट बेटावर पहिली मिस्सा केली, मग एका मोठ्या झाडाचा क्रूस करून उभारला, असं त्याने लिहिलं आहे. पण त्याचाच वृत्तांत नीट वाचला तर जहाजं फेब्रुवारीच्या अखेरीस व्हर्जिनियाला पोहोचली होती आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात चेसापीकच्या उपसागरात शिरली होती. या बेटावरही मिस्सेच्या आधी माणसं उतरलेली होती. कपडे धुवायला निघालेल्या मोलकरणींची होडी उलटली, त्या बुडता बुडता वाचल्या आणि बरेचसे कपडे वाहून गेले, हेही तो सांगतो. (इतक्या दूर आल्यावर कपडे गमावणं ही लहान गोष्ट नव्हती, असंही तो म्हणतो. मला हा माणूस त्या ओळीमुळे फार जवळचा वाटतो.) म्हणजे २५ मार्च हा जमिनीला पाय लागल्याचा दिवस नव्हे. तो सोहळ्याचा दिवस आहे, आणि सोहळ्याचा दिवस निवडता येतो.

ही माणसं सणांच्या हिशोबाने जगत होती याचा दुसरा पुरावा त्या बेटांच्या नावांत आहे. जहाजं इंग्लंडहून निघाली २२ नोव्हेंबर १६३३ला. तो संत सिसिलियाचा दिवस; २३ला संत क्लेमेंट, २५ला संत कॅथरीन. पोटोमॅक नदीतल्या बेटांना त्यांनी हीच तीन नावं दिली. प्रवासाचे पहिले दिवसच त्यांनी नकाशावर उतरवले.

वसाहतीच्या नावाचं प्रकरण वेगळं. १६३२च्या सनदेत टेरा मारिये असं लॅटिन नाव आहे, पण ते पहिल्या चार्ल्सची राणी हेन्रिएटा मारिया हिच्यावरून. ती स्वतः कॅथलिक होती. सनदेचा धनी सेसिल कॅल्व्हर्ट हाही कॅथलिक, आणि जहाजांवर मात्र प्रोटेस्टंट बरेच. निघण्यापूर्वी त्याने लेखी सूचना दिली होती की कॅथलिकांनी आपली उपासना होईल तितकी खासगीत करावी. अशा परिस्थितीत राणीचं नाव हे सगळ्यांना चालणारं नाव होतं. कॅथलिक ते ऐकून मनात काय म्हणत असतील ते उघड आहे, पण सनदेत लिहिलेली आहे राणी.

आता दिनदर्शिका. इंग्लंड आणि तिच्या वसाहती १७५२पर्यंत जुनी ज्युलियन पद्धत पाळत होत्या, आणि त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चलाच सुरू व्हायचं. म्हणजे त्या बेटावरच्या माणसांसाठी आदल्या दिवशी १६३३ साल होतं आणि मिस्सेच्या सकाळी १६३४ लागलं. सण, नवं वर्ष आणि ताबा घेण्याचा सोहळा, तिन्ही एकाच मंगळवारी. मात्र रोममध्ये आजची ग्रेगोरियन पद्धत १५८२पासूनच लागू असल्याने तिथे त्या दिवशी ४ एप्रिल होता. पोपच्या शहरात हा सण दहा दिवसांपूर्वी होऊन गेला होता. शिवजयंतीच्या तारखेवरून आपल्याकडे जो गोंधळ होतो त्याची जात हीच: १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे. कोणी 'आकाशात लिहिलेल्या तारखे'बद्दल बोलू लागलं की मी आधी विचारते, कुठल्या पंचांगातली?

दर्यावर्दी

चांदणवेल यांची कसोटी कोलंबसला लावून पाहा. १२ ऑक्टोबर हा स्पेनमध्ये पिलारच्या मरियेचा सण, म्हणून त्याला जमीन दिसली ती तिच्याच कृपेने, असं नेहमी सांगितलं जातं. पण त्याच्या रोजनिशीचा जो सारांश लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने जपला, त्यात त्या दिवशी पिलारचं नाव नाही. आणि हा मनुष्य मरियेचं नाव द्यायला मागेपुढे पाहणारा नव्हता. दुसऱ्याच बेटाला त्याने सांता मारिया दे ला कॉन्सेप्सिऑन म्हटलं. फेब्रुवारी १४९३च्या वादळात जहाजावर हरभऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकून ग्वादालुपेच्या मरियेला नवस बोलले, आणि खूण केलेला हरभरा त्याच्याच हाती आला. १२ ऑक्टोबरचा सण त्याच्या मनात असता तर त्याने तसं काही केलं असतं, असं मला वाटतं.

उलट उदाहरण फादर मार्केट या फ्रेंच जेझुइटाचं. मिसिसिपीच्या शोधाला निघण्याचा हुकूम घेऊन जोलिए त्याच्याकडे पोहोचला ८ डिसेंबर १६७२ला, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी. हा मेळ मार्केटने स्वतः टिपून ठेवला आहे, आणि नदी सापडली तर तिला हेच नाव देईन असा शब्दही दिला आहे. पुढच्या जूनमध्ये नदी सापडली, त्याने नाव दिलं. ते टिकलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पैलतीर

दोघांचेही मनापासून आभार. चांदणवेल, अजून एक. मेरीलँडची राजधानी पुढे सेंट मेरीजहून ॲनापोलिसला गेली. ॲन म्हणजे परंपरेनुसार मरियेची आई. यात काही अर्थ आहे का? आणि मरियेबद्दलचा आदर तिथल्या कायद्यात कुठे दिसतो का?

चांदणवेल

पहिल्याचं उत्तर: नाही. राजधानी १६९०च्या दशकात हलली ती प्रोटेस्टंट सत्ता आल्यावर, आणि ॲनापोलिस हे नाव राजकुमारी ॲनवरून, जी पुढे राणी झाली. तिच्याच राज्यात १७०४मध्ये मेरीलँडमध्ये कॅथलिकांची जाहीर उपासना बंद झाली आणि सेंट मेरीजच्या विटांच्या चॅपेलला कुलूप लागलं. लेकीकडून आईकडे अशी सुरेख ओळ आखायची, तर हे कुलूप तिच्याखाली झाकावं लागतं. ते मला मान्य नाही.

दुसऱ्याचं उत्तर मात्र हो, आणि ठळकपणे. १६४९चा धर्मसहिष्णुतेचा कायदा लोक ख्रिस्ती पंथांना एकत्र नांदू देणारा म्हणून ओळखतात. त्यातच असं कलम आहे की मरिया, प्रेषित किंवा शुभवर्तमानकार यांच्याबद्दल कोणी अपशब्द काढला तर पहिल्या वेळी ५ पौंड दंड, दुसऱ्या वेळी १० पौंड, आणि तिसऱ्यांदा सगळी मालमत्ता जप्त होऊन कायमची हद्दपारी. ज्याच्याकडे दंड भरायला काही नाही त्याला चारचौघांत फटके आणि कैद. त्याच कायद्यात शेजाऱ्याला हिणवून 'प्युरिटन' किंवा 'जेझुइट' म्हटलं तर १० शिलिंग दंड होता. म्हणजे मरियेबद्दलच्या अपशब्दाची किंमत त्याच्या दहापट. पाचच वर्षांनी, १६५४मध्ये, प्युरिटनांच्या (कडव्या प्रोटेस्टंटांच्या) हाती सत्ता आली आणि त्यांनी हा कायदा रद्द केला. काही वर्षांनी तो परत लागू झाला.

एक विनंती. ताबा आणि सोहळा यांबद्दल लिहिताना याओकोमिको या तिथल्या मूळ रहिवाशांना विसरू नका. सेंट मेरीज ज्या जागी वसलं ते त्यांचं गाव होतं. सस्क्वेहॅनॉक या दुसऱ्या मूळ जमातीच्या हल्ल्यांना कंटाळून ते तिथून निघण्याच्या बेतात होते, आणि सेसिलचा भाऊ लिओनार्ड कॅल्व्हर्ट याने कुऱ्हाडी आणि कापड देऊन ती जमीन घेतली. मिस्सेनंतर दोनच दिवसांनी, २७ मार्चला, वसाहतवाले त्या गावात उतरले, आणि पहिली वस्ती याओकोमिकोंनी सोडलेल्या घरांत झाली. त्यातल्याच एका घराचं व्हाइटने चॅपेल केलं.