सगळा टेबल कशाला वाचायचा? सॅम्पल पुरतं!

डेटावाला: काल इथेच कुणीतरी लिहिलं की "सॅम्पलवरून काढलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, इंजिनिअरने असलं करूच नये". डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. म्हणजे डेटाबेसातला अख्खा टेबल न वाचता त्यातल्या थोड्याच ओळी, म्हणजे सॅम्पल, उचलून उत्तर काढायचं. अहो, चूक किती होणार हे सॅम्पलमध्ये किती ओळी आहेत त्यावर ठरतं, टेबल दहा लाखांचा की हजार कोटींचा याने जवळजवळ फरकच पडत नाही. १०,००० ओळी नीट रँडम उचला, टक्केवारी ९५% खात्रीने ±१ टक्क्याच्या आत येते. २०१३ मध्ये ब्लिंकडीबी या डेटाबेसवाल्यांनी हेच केलं, सॅम्पल आधीच काढून ठेवायचे आणि क्वेरीतच (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातच) सांगायचं की एवढी एरर चालेल किंवा एवढ्या सेकंदांत उत्तर दे. डॅशबोर्डवर ४१.३ दिसलं काय नि ४१.७ दिसलं काय, निर्णय तोच होणार ना?

खातेवहीवाली: "नीट रँडम" हे दोन शब्द किती सहज लिहिलेत! पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सॅम्पल काढायची "टेबलसॅम्पल सिस्टिम" ही पद्धत लावली की डिस्कवरची पानंच्या पानं उचलली जातात, डेटा तारखेने साठलेला असेल तर एका पानावर सगळा एकाच दिवसाचा माल. एकेक ओळ वेगळी निवडणारी "बर्नुली" पद्धत लावा तर अख्खा टेबल वाचावाच लागतो, मग वाचवलं काय? दोन टेबलांचा १-१ टक्का घेऊन जॉइन करा, म्हणजे जुळणाऱ्या ओळींच्या जोड्या लावा, दहा हजारांतली एखादी जोडी उरते. मॅक्सिमम, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, तर विसराच. आमच्या आधीच्या ऑफिसात १ टक्क्यावर जिल्हावार रिपोर्ट केला, त्यात गडचिरोलीची ओळच आली नाही आणि साहेब मीटिंगमध्ये "तिथे आपले ग्राहक नाहीत" सांगून मोकळे.

डेटावाला: मग जिल्हावार स्ट्रॅटिफाइड सॅम्पल घ्यायचा होता, म्हणजे प्रत्येक गटातून वेगळा, लहान गटातून जास्त प्रमाणात ओळी. जॉइनचं म्हणणं बरोबर आहे, पण दोन्हीकडे ग्राहक आयडीच्या हॅशवरून (आयडीपासून काढलेल्या ठरावीक आकड्यावरून) सॅम्पल घेतला, म्हणजे दोन्हीकडे तेच ग्राहक आले, तर जोड्या टिकतात. मॅक्सिममचं मान्य.

मराठवाड्याचा: तुमचं डॅशबोर्ड राहू द्या, आमचा पीक विमा याच सॅम्पलवर चालतो. महसूल मंडळात मोजके प्लॉट निवडायचे, दोरी लावून आखायचे, तेवढंच सोयाबीन कापून मळून वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या मंडळाचं उत्पादन ठरवायचं. आमचं नदीकाठचं रान पाण्यात गेलं, माळावरचं तगलं, सरासरी उंबरठा उत्पादनाच्या (ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते) वर आली, रुपया मिळाला नाही.

डेटावाला: वाईट झालं, पण हा सॅम्पलचा दोष नाही हो. मंडळातलं प्रत्येक शेत कापून मोजलं असतं तरी सरासरीने तुमचं नुकसान झाकलंच असतं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालात तागाचं पीक सॅम्पलनेच मोजून दाखवलं होतं.

मराठवाड्याचा: महालनोबिसांनी ताग मोजला, आमच्या बापाचं बँकेचं कर्ज नाही मोजलं. पुण्यात एसीत बसून शिकवू नका.

खातेवहीवाली: आवाज खाली. पण त्यांचा मुद्दा गडचिरोलीचाच आहे, सरासरीत लहान गट गायब होतो. माळ आणि नदीकाठ वेगळे धरले असते तर दिसलं असतं.

डेटावाला: तेच तर स्ट्रॅटिफिकेशन! मी दुसऱ्या रिप्लायपासून दुसरं काय सांगतोय?

खातेवहीवाली: बरं, ट्रेंड बघायला चालवा तुमचा सॅम्पल, पण प्रत्येक आकड्यापुढे ± (किती चूक असू शकते ते) छापा. बिलिंगच्या टेबलाला मात्र हात लावायचा नाही, तिथे पैन् पै जुळलीच पाहिजे.

मराठवाड्याचा: आमच्या मंडळाच्या आकड्यापुढे ± कुणी छापलं होतं का, तेवढं सांगा.

डेटावाला: मी तरी कधी पाहिलेलं नाही. छापायलाच हवं, यावर वाद नाही.