लॉरी बेकर मुंबईत असते तर... (आणि डासांचं काय?)

मुलुंडचा मिस्त्री:
परवा सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. विटांच्या जाळीतून ऊन झिरपतंय असा फोटो आणि खाली मजकूर: 'हे घर लॉरी बेकर यांनी केरळात बांधले. एसी नाही, प्लास्टर नाही, खर्च निम्मा. मुंबईच्या बिल्डरांना का जमत नाही? कारण लोभ!' त्यावर सतरा जणांचे जोडलेले हात. या सतराही जणांनी आपापली बाल्कनी काच लावून हॉलमध्ये घेतली आहे, ते सोडा.

बेकर मलाही आवडतात. १९१७ ला बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला इंग्रज आर्किटेक्ट, चीनमध्ये युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करून परत जाताना बोटीसाठी मुंबईत अडकतो, गांधीजींना भेटतो, १९४५ ला परत येऊन कुष्ठरोग्यांसाठी इमारती बांधतो, पुढे पिथोरागडच्या डोंगरात पंधराएक वर्षं काढतो. मग २००७ मध्ये जाईपर्यंत केरळ. त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच.

तक्रार फॉरवर्डबद्दल. बेकर बांधायचे त्या रॅट-ट्रॅप भिंतीत वीट कडेवर उभी राहते, मध्ये पोकळी सुटते, साधारण पाव विटा वाचतात. पण भिंत नऊ इंचीच राहते! इथे भिंतीची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेत, मोजतात, आणि बाहेरच्या भिंतीची जागा रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये (आतल्या वापराच्या जागेत) धरून विकता येत नाही. बावीस मजल्यांना नऊ इंची भिंत लावा आणि फ्लॅटचा भाव ऐका. मग जोडा हात.

बाणकोटची:
म्हणजे मुद्दा लोभाचाच निघाला की! फक्त तुम्ही त्याला एफएसआय म्हणता.

मुलुंडचा मिस्त्री:
ताई, तो लोभ फ्लॅट घेणाऱ्याचाही आहे. कार्पेट दहा फूट कमी दिसलं तर तुम्ही बुकिंग कराल?

चौथा मजला लिफ्ट नाही:
एफएसआय राहू द्या. त्या जाळीतून डास येत नाहीत का? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तिरुवनंतपुरमला माझ्या आतेभावाच्या सासऱ्यांचं बेकर पद्धतीचं घर आहे, आठ दिवस राहिलोय. सकाळी जमिनीवर उन्हाची नक्षी पडते, मान्य. पण संध्याकाळी सहानंतर आम्ही सगळे मच्छरदाणीत. विटेच्या जाळीत कोळ्याची जाळी वेगळी! सासूबाई रोज काठीला फडकं बांधून एकेक भोक पुसायच्या. ती मेहनत फोटोत दिसत नाही.

शिवडी साइडिंग:
आतून बारीक जाळी ठोकायची. दोनशे रुपयांचं काम.

चौथा मजला लिफ्ट नाही:
मग वारा अर्धा झाला की राव! आणि ती जाळी धुणार कोण? तुम्ही?

बाणकोटची:
घर कोण पुसतं यावर आर्किटेक्चरच्या चर्चेत पहिल्यांदाच कोणीतरी बोललं. बाकी विरोध आहेच, पण एवढ्यापुरता धन्यवाद.

शिवडी साइडिंग:
डास जाळीने नाही, साचलेल्या पाण्याने होतात. आमच्याकडे बंद काचांच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर डेंग्यू झाला. कुंडीखालच्या ताटल्या बघा आधी.

चौथा मजला लिफ्ट नाही:
ताटल्या आम्ही बघतो. तुम्ही एक रात्र जाळीवाल्या घरात झोपून दाखवा, गुडनाइट न लावता.

बाणकोटची:
अहो, धागा बेकरांचा आहे, कीटकनाशकांचा नाही. पाच मैलांतल्या सामानाने घर बांधावं हा गांधीजींचा विचार बेकरांनी मनावर घेतला, खरी गोष्ट ती. आमचं गावचं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. धाकट्या काकांनी हौसेने पाडून स्लॅब टाकला. तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला, म्हणून स्लॅबवर पत्र्याची शेड. आता खाली भट्टी आणि वर पत्र्याचा ताशा. बेकर तीच मंगलोरी कौलं स्लॅबच्या पोटात घालायचे, जिथे काँक्रीट नुसतं वजन वाढवतं तिथे. काकांना सांगितलं तर म्हणाले, 'फुटकी कौलं घालायला मी काय भिकारी आहे?'

मुलुंडचा मिस्त्री:
तो कौलं घातलेला फिलर स्लॅब उत्तमच, वाद नाही. पण 'स्थानिक तेच चांगलं' हे डोळे मिटून म्हणू नका. किल्लारीला १९९३ च्या भूकंपात माणसं स्थानिक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखालीच गेली. मी तेव्हा नवा इंजिनिअर होतो, मदतीला गेलो होतो. त्यावर इथे जास्त लिहिणार नाही.

बाणकोटची:
ते मान्य. पण दगड नीट न सांधता रचला तर दोष दगडाचा की रचण्याचा? बेकर स्वतः साइटवर गवंड्यांबरोबर उभे राहायचे, पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढून द्यायचे. आमच्या रीडेव्हलपमेंटचे आर्किटेक्ट दोन वर्षांत एकदा दिसले, तेही नारळ फोडायला.

शिवडी साइडिंग:
आणि केरळात मुंबईपेक्षा जास्त पाऊस, तरी जाळी चालतेच ना?

मुलुंडचा मिस्त्री:
केरळात असेल, तिरुवनंतपुरमला नाही. तिथे मुंबईपेक्षा कमी पडतो, आणि दोन मोसमांत वाटून. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर, तोही आडवा. जाळीला तीन फुटांचा छज्जा हवा. बाराव्या मजल्यावर छज्जा काय उपयोगाचा?

शिवडी साइडिंग:
आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी मुंबईतच कंबाला हिलवर कांचनजंगा ही उंच इमारत बांधली, १९८३ मध्ये पुरी झाली. ऊन-पाऊस अडवायला दोन मजली उंच आत घेतलेल्या गच्च्या. म्हणजे उंच इमारतीतही जमतं.

चौथा मजला लिफ्ट नाही:
तिथले फ्लॅट आपल्यासाठी आहेत का, दादा? त्यांचंच बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. साधी उतरत्या छपरांची घरं, अंगणं, सुंदर. लोकांनी कित्येक पाडून वर मजले चढवले. मी तिथे भाड्याने राहिलोय, म्हणून सांगतो.

बाणकोटची:
घर वाढवता यावं म्हणूनच ती तशी आखली होती.

चौथा मजला लिफ्ट नाही:
वाढवणं वेगळं, गाडून टाकणं वेगळं.

मुलुंडचा मिस्त्री:
बरं, एक कबूल करतो, फॉरवर्डवाल्यांना कळवू नका. आमच्या मागची तीन मजली इमारत पाडली तेव्हा सागवानी दारं-खिडक्या जुन्या बाजारात गेल्या, आणि विटा डंपरमध्ये. चांगल्या, जुन्या, टणक विटा. बेकर असते तर डंपरपुढे आडवे झाले असते, कारण पाडलेल्या घरांचं सामान ते उचलून वापरायचे. मुंबईचं पाच मैलांतलं सामान म्हणजे आपला राडारोडाच. तो आपण खाडीत लोटतो आणि नवे ब्लॉक ट्रकने लांबून आणतो. मी गच्चीतल्या कठड्यासाठी चारशे विटा मागून घेतल्या. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये चढवू दिल्या नाहीत.

बाणकोटची:
मग? कठडा झाला का?

मुलुंडचा मिस्त्री:
झाला. जाळीचाच केला. हातानेच वाहिल्या, नऊ रविवार लागले.

चौथा मजला लिफ्ट नाही:
आणि डास?

मुलुंडचा मिस्त्री:
गच्चीत झोपतो कोण!