गाडी चालवताना जळका वास येतोय, मदत हवी आहे (तातडीचं)

कोयनाकाठ
कुंभार्ली घाटात काल पुन्हा तोच जळका वास. तापमानाचा काटा जागच्या जागी, डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात क्लच प्लेट गेली, अख्खा सेट बदला. परवा पहाटे आईला चिपळूणहून कराडला तपासणीला न्यायचंय. क्लच बदलू की नको, एवढंच सांगा.

पाना_बारा
गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? वास घाट चढताना येतो की उतरताना? आतून की बाहेरून? यातलं काहीच लिहिलेलं नाही. एवढ्यावरून कोण काय सांगणार?

घाटवाट
क्लचच असणार. ट्रकच्या मागे अडकलं की सगळेच अर्धा क्लच दाबून घाट चढतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगात असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबून बघा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी तेवढी पळाली नाही, तर क्लच घसरतोय.

रानमोगरी
आधी बॉनेट उघडा. आमच्या गाडीत उंदरांनी घर केलं होतं, गोणपाटाची चिंधी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून जळत होती. पावसाळ्यात आमच्याकडे हे फार. डांबरगोळ्यांनी काही होत नाही.

तांबडीमाती
असं कसं म्हणता? डांबरगोळ्यांनी फरक पडतो. मी फडक्यात बांधून बॅटरीशेजारी ठेवते, तेव्हापासून एक वायर कुरतडलेली नाही.

कोयनाकाठ
उंदीर नाहीत, बघितलं. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, सात वर्षांची गाडी. क्लचची चाचणी आत्ताच करून आलो, घसरत नाही. वास चढताना नसतो, घाट उतरून पोफळीत आलं की येतो. सपाटीवरही थोडा येतो. कृपया मुद्द्याचं बोला, वेळ नाहीये.

पाना_बारा
हाच तर मुद्दा होता! चढताना वास नाही आणि क्लच घसरत नाही, मग क्लच सेटवर एक रुपयाही घालू नका. ब्रेक बघा.

जुना_फोरमन
एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी गेली माझी सगळी, म्हणून लिहितो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून तेल गळून तापलेल्या एक्झॉस्टवर (धुराच्या पाइपावर) पडलं, तर बॉनेटखालून धूर दिसतो आणि गाडी उभी केल्यावरही वास रेंगाळतो. कूलंटचा (रेडिएटरमधल्या पाण्याचा) वास गोडसर. प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला तर वायरिंग. तेव्हा मात्र पुढे जायचंच नाही, गाडी बाजूला घेऊन चावी बंद करायची आणि सगळ्यांना खाली उतरवायचं.
तुमचं लक्षण ब्रेक चिकटल्याचं वाटतं, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही. सपाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न मारता पाच-सहा किलोमीटर चालवा, वेग आपोआप कमी होऊ द्या. थांबल्यावर चारही रिमजवळ तळहात धरा. डिस्कला (ब्रेकच्या चकतीला) हात लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथेच दुखणं आहे.

मायलेज_महत्त्वाचं
उतारावर न्यूट्रल करा. पेट्रोल वाचतं, इंजिनलाही आराम.

जुना_फोरमन
मायलेजभाऊ, हे कुणाला सांगू नका. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. आणि पेट्रोलही वाचत नाही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय काढला की उतारावर इंधन बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा.

रानमोगरी
चाक तापलेलं निघालं तर बाटलीभर पाणी ओतायचं, लगेच गार.

पाना_बारा
अजिबात नको! लालबुंद डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू शकते, तडाही जाऊ शकतो. अर्धा तास उभी करा, आपोआप निवते. हँडब्रेकही ओढू नका, पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा.

कोयनाकाठ
फोरमनकाका, पुढचं डावं चाक! तिथे हात धरवत नाही, बाकी तिन्ही कोमट. जॅक लावून फिरवून बघितलं, उजवं सहज फिरतं, डावं दोन्ही हातांनी जोर लावला तरी जेमतेम हलतं. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलंय.

घाटवाट
बेअरिंगही असू शकतं. घरघर येते का?

कोयनाकाठ
घरघर नाही. मेकॅनिकने उघडलं. कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची सरकपिन गंजून जाम झाली होती, रबरी बूट फाटून पाणी आत गेलं होतं. आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. पिना, बूट नवे, पुढचे पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, डिस्क चालेल म्हणाला. क्लचच्या खर्चापुढे हे काहीच नाही. उद्या घाटाला गाडी काढू ना?

जुना_फोरमन
ब्रेक ऑइल बदललं का? ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, ओल धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. मग बुडबुडे होऊन पेडल थेट खाली जातं. आईंना घेऊन जाताय, आजच बदलून घ्या.

कोयनाकाठ
सांगितलं त्याला, करतोय.

पाना_बारा
आज रात्री सपाट रस्त्यावर थोडं चालवून, हलके हलके ब्रेक मारून नवे पॅड डिस्कवर नीट घासून बसू द्या. नव्या पॅडचा सुरुवातीला थोडा वास येतो, घाबरू नका. वास आलाच तर शिरगावला थांबून दोन्ही पुढच्या रिमजवळ हात धरा. दोन्ही सारखीच गरम असतील तर खुशाल घाट चढा. डावं जास्त तापलं असेल तर तिथूनच परत फिरा आणि आईंसाठी दुसरी गाडी बोलवा.