लूप १६ पट उलगडला तरी ८ क्लॉक का? एचएलएस सोडून व्हेरिलॉग शिकू का?

ध्रुव_ईएनटीसी:
मंडळी, शेवटचं वर्ष चालूय, लॅबमधला आर्टिक्स-७ ३५टी चा बोर्ड मिळालाय (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवायची चिप). सी मध्ये साधा डॉट प्रॉडक्ट लिहिला, १०२४ इंटचे दोन अ‍ॅरे, जोडीजोडीने गुणायचं आणि बेरीज करत जायचं, बस. व्हिटिस एचएलएसमध्ये (सी वरून सर्किट बनवणारं टूल) अनरोल फॅक्टर १६ दिला, म्हणजे लूपच्या १६ फेऱ्या एकदम, पाइपलाइनचा प्राग्मा (एक फेरी संपायच्या आत पुढची सुरू कर, अशी टूलला सूचना) पण टाकला, मला वाटलं आता दर क्लॉकला १६ गुणाकार. पण रिपोर्टमध्ये आयआय (एक फेरी सुरू झाल्यावर किती क्लॉकनी पुढची सुरू होते तो आकडा) ८ च्या खाली यायला तयारच नाही!! गाईड म्हणतात एचएलएस हा शॉर्टकट आहे, सर्किट थेट लिहायची भाषा, व्हेरिलॉगच शीक. मित्र म्हणतो चिझल. काय करू?

जुनाव्हीएलएसआयवाला:
भाषेचा दोष नाही रे. तुझा अ‍ॅरे ब्लॉक रॅममध्ये (चिपमधली मेमरी) बसलाय आणि ब्लॉक रॅमला पोर्ट, म्हणजे डेटा आत-बाहेर करायच्या वाटा, असतात दोनच. रेशनच्या दुकानात खिडक्या दोन आणि रांगेत माणसं १६, म्हणजे आठ फेऱ्या लागणारच ना? तू गुणाकाराची यंत्रं १६ केलीस पण डेटा पोचवणार कोण. दोन्ही अ‍ॅरेंना अ‍ॅरे पार्टिशन लाव, म्हणजे एकेक अ‍ॅरे अनेक रॅममध्ये वाटला जाईल.

ध्रुव_ईएनटीसी:
लावलं सर, ब्लॉक, फॅक्टर ८. रॅम वाढल्या पण आयआय तिथेच 😭

जुनाव्हीएलएसआयवाला:
हां, ब्लॉक म्हणजे सलग तुकडे. ० ते १२७ पहिल्या रॅममध्ये, १२८ पासून दुसरीत. तुला एका वेळी लागतात ० ते १५, ते सगळे एकाच रॅममध्ये, बाकीच्या सात नुसत्या बसून. सायक्लिक दे, पत्ते वाटतात तसं, एक इकडे एक तिकडे. मग आठ रॅम गुणिले दोन पोर्ट, झाले सोळा. आणि जाता जाता, ३२ बिटचा इंट खरंच हवाय का? त्या चिपमध्ये डीएसपी (गुणाकाराची तयार यंत्रं) ९० आहेत आणि एकाची ताकद २५ गुणिले १८ बिट, म्हणजे तुझा एकेक गुणाकार दोन-तीन डीएसपी खाणार.

रेवा_क:
चिझलबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. चिझल म्हणजे एचएलएस नव्हे, हा गोंधळ खूप जण करतात. ती बर्कलीची, स्काला या प्रोग्रामिंग भाषेत बसवलेली सर्किट लिहायची भाषा. तिथे स्कालाचा फॉर लूप १६ वेळा फिरला तर सर्किटच १६ वेळा छापलं जातं, कुठल्या क्लॉकला काय होणार ते तूच ठरवायचं, कंपायलर ठरवत नाही. मधला रस्ता हवा असेल तर ब्लूस्पेक बघ, त्यात तू नियम लिहितोस, अमुक अट खरी असेल तर हे बदल करा, आणि दोन नियम एकाच रजिस्टरवर भांडायला लागले तर कोणाला आधी सोडायचं ते कंपायलर बघतो, वॉर्निंगही देतो. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर त्यातच लिहिलाय, आणि २०२० पासून कंपायलर ओपन सोर्स आहे.
पण व्हेरिलॉग वाचता आलंच पाहिजे. शेवटी सगळे तेच ओकतात. मूळची ती सिम्युलेशनसाठी आलेली भाषा, त्यामुळे लिहिलेलं सगळं सर्किट होईलच असं नाही, आणि कधी न मागितलेलं पण होतं. मी एकदा कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये (ज्यात काही साठवायचं नसतं) एक एल्स विसरले, टूलने गुपचूप लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा भाग) बसवला, सिम्युलेशन मस्त आणि बोर्डवर एलईडी वाट्टेल तसे. दोन दिवस मी केबलवर संशय घेत बसले 😅

ध्रुव_ईएनटीसी:
सायक्लिक केलं आणि आयआय १!!! इंटचे शॉर्ट (१६ बिटचे) पण केले, डीएसपी ४८ वरून १६ वर. आता टूलने तयार केलेलं व्हेरिलॉग उघडलंय, नावं वाचूनच घाम फुटला, कुठून सुरू करू?

रेवा_क:
सगळ्यात वरच्या मॉड्यूलचे पोर्ट बघ फक्त. तुझ्या त्या सोळा खिडक्या तिथे दिसतील.