"पायलट एरर" लिहिलं की फाईल बंद? त्याच्या झोपेचं कोण विचारणार?

फोंडेकर_172
छोटं खाजगी विमान पडलं की दोन दिवसांत सगळे बोलून मोकळे होतात, पायलट एरर. बऱ्याचदा चूक पायलटचीच असते, मान्य. पण तो आदल्या रात्री किती झोपला होता हे आधी विचारा असं माझं म्हणणं आहे.

स्वतःवर आलंय म्हणून बोलतोय. माझ्याकडे पीपीएल, म्हणजे खाजगी विमान उडवायचं लायसन्स आहे. एका शुक्रवारी पूर्ण दिवस ऑफिस करून रात्री साडेनवाला फोंड्याहून निघालो, चोर्ला घाट, बेळगाव, पुढे महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग क्लबात पहाटे सहाला पोचलो, गाडीतच सीट मागे करून चाळीस मिनिटं पडलो आणि साडेसातला क्लबचं छोटं सेसना 172 विमान घेऊन एकटा वर. चेक्स मोठ्याने म्हणायची मला सवय आहे. "फ्लॅप्स दहा" तोंडाने म्हटलं, हात लिव्हरवर गेलाच नाही. फ्लॅप म्हणजे पंखामागच्या पट्ट्या, उतरताना त्या खाली केल्या की विमान कमी वेगात उतरतं. मग फायनलला, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, स्पीड जास्त, विमान खाली बसेचना, तरंगत राहिलं, अर्धा रनवे मागे गेला, आपटून उसळलं, परत आपटलं आणि टोकाला जाऊन कसंबसं थांबलं. पार्किंगला बघतो तर फ्लॅप शून्यावर. गो-अराउंड मारावा, म्हणजे उतरणं सोडून परत वर जावं, हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. खाली सगळ्यांना सांगितलं, वारा आडवा होता. लॉगबुकात काही नाही. त्या दिवशी मी गेलो असतो तर रिपोर्टात एकच ओळ आली असती, फ्लॅप घेतले नाहीत.

एअरलाईनच्या पायलटांसाठी डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास केली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली. मला मात्र विमानाची किल्ली देताना कोणी विचारलं नाही, झोपलास का म्हणून.

रोखठोक_म्हापसेकर
भाऊ, जीव वाचला हे देवाचे उपकार, पण रागावू नका, ही सरळसरळ तुमचीच चूक. एअरलाईनच्या पायलटला रोस्टर असतं, कंपनी म्हणेल तेव्हा उडावं लागतं, त्याला नियमाचं संरक्षण हवंच. तुम्हाला कोणी पाठवलं होतं? रात्रभर गाडी मारायचं तुम्हीच ठरवलंत, उडायचंही तुम्हीच. आजारपण, औषधं, ताण, दारू, थकवा हे उडण्याआधी स्वतःचं स्वतः तपासायचं हे पहिल्या महिन्यात शिकवतात. थकवा हे कारण मान्य करत गेलो तर उद्या प्रत्येक जण तेच सांगेल. आणि तो अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग 1927 मध्ये न्यूयॉर्कहून साडेतेहतीस तास एकटा उडवून पॅरिसला उतरलाच की.

फोंडेकर_172
लिंडबर्ग आदल्या रात्रीही झोपला नव्हता आणि वाटेत त्याला विमानात भुतं दिसायला लागली, हे त्याने स्वतःच लिहिलंय. तो पोचला म्हणून ते बरोबर होत नाही.

नाईटड्युटी_ताई
मी नर्स आहे, बावीस वर्षं रात्रपाळी केली. म्हापसेकर, तुम्ही म्हणता स्वतःचं स्वतः तपासा, पण ज्या डोक्याने तपासायचं तेच थकलेलं असतं हो. पहाटे चारला मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी एकदम ठीक आहे, आणि त्याच वेळी एक इंजेक्शन भरताना लेबल तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हतं. बाजूच्या सिस्टरने हातातून घेतलं म्हणून निभावलं. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात माणसांना जागं ठेवून चाचण्या घेतल्या होत्या, 17 तास जागरण म्हणजे रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं आणि 24 तास म्हणजे 0.10. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा 0.03 आहे. आणि चाळीस मिनिटांच्या डुलकीवर जाऊ नका, गाढ झोपेतून उठल्यावर थोडा वेळ माणूस अर्धवटच असतो.

रोखठोक_म्हापसेकर
ताई, तुमचा मुद्दा पटतो. पण मंगळूरचा विमान अपघात बघा. 22 मे 2010, 158 माणसं गेली. कॉकपिटच्या 2 तास 5 मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधली पहिली 1 तास 40 मिनिटं कॅप्टन झोपलेला, घोरणं ऐकू येतं. तिथे तर नियम होते, कंपनी होती, शेजारी को-पायलट होता, तो गो-अराउंड म्हणत राहिला. तरी झालं. मग नियमाने काय साधतं?

फोंडेकर_172
पण मंगळूरच्या चौकशीत ती झोप रिपोर्टात आली, झोपेतून उठल्यावरच्या गुंगीचाही हातभार लागला असावा असं लिहिलं गेलं, आणि आज इतक्या वर्षांनी तुम्ही आम्ही मिनिटांसकट बोलतोय. माझ्या शेजारची सीट तर रिकामी होती. सेसनात घोरणं रेकॉर्ड करायला कोणी बसवलंय? आणि कोणी पाठवलं नव्हतं म्हणता, पण स्लॉट महिनाभर आधी बुक केलेला, पुढे पावसाळा, घरी सांगून आलेलो, आठ तासांची गाडी मारलेली. एवढं सगळं करून आलेला माणूस परत फिरत नाही हो.

पेडणे_टॅक्सी
मी मोपा ते काणकोण रात्रीची भाडी मारतो. डोळे जड झाले की गाडी कडेला घेतो, तोंड धुतो, दहा मिनिटं थांबतो. वर कडेला कुठे घेणार. पण एक अडचण आहे, दारूसाठी मशीन आहे, फुंकलं की कळतं. झोपेचं मशीन कुठलं? विचारलं तर सगळे आठ तासच सांगणार. मीपण सांगतो.

फोंडेकर_172
दादा, खरंय, म्हणून मी तासांचा कायदा मागतच नाहीये. अमेरिकेतही स्वतःसाठी स्वतःचं विमान उडवणाऱ्याला ड्युटीच्या तासांची मर्यादा नाही. माझं मागणं एवढंच की क्लबच्या वहीत जिथे वेळ आणि इंधन लिहितो तिथेच आणखी एक रकाना, शेवटची झोप कितीपासून कितीपर्यंत, आणि इथे कसा आलास. स्वतःच्या हाताने "सहा ते सहा चाळीस, गाडीत" लिहिलं असतं तर मी पेन खाली ठेवलं असतं असं मला मनापासून वाटतं. आणि अपघात झालाच तर मागच्या 72 तासांचा हिशोब छोट्या विमानाच्या रिपोर्टातही यायला हवा.

रोखठोक_म्हापसेकर
वहीला माझी ना नाही. पण रकान्यात चाळीस मिनिटं वाचून किल्ली कोण परत घेणार? काउंटरवर वीस वर्षांचा पोरगा बसलेला असतो आणि समोर पैसे भरलेला, रात्रभर गाडी मारून आलेला मेंबर.

नाईटड्युटी_ताई
माझ्या हातातून सिरिंज घेतली ती सिस्टर माझ्याहून आठ वर्षांनी लहान होती. त्या पोराला तेवढा अधिकार लिहून द्या.