४ फुटी बोळात लाकडाची शेड कशी बांधावी? सल्ला हवा

करवत

घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्या मधला बोळ ४ फूट रुंद आणि १६ फूट लांब आहे. एक टोक बंद. दुसरं टोक मागच्या वाटेवर उघडतं, आणि ती वाटही ४ फुटीच, बोळाशी काटकोनात. या बोळात मला लाकूड ठेवायला शेड करायची आहे.

बहुतेक फळ्या १ इंच जाडीच्या, ७ ते १० फूट लांब. थोडे जाड वासे, प्लायच्या काही शीट्स, आणि नुकतंच कापून आणलेलं ओलं लाकूडही आहे. सध्या सगळं ताडपत्रीखाली आहे आणि खालच्या फळ्यांवर काळे डाग दिसायला लागलेत, त्यामुळे फार थांबता येणार नाही.

मनात आहे ते असं: दोन्ही भिंतींलगत खांब, वर पत्रा, तोंडाशी दार, म्हणजे बंद खोलीच. कुंपणाच्या भिंतीलगत मध्येच ड्रेनेजचं दीड फुटी चेंबर आहे, ते उघडता आलंच पाहिजे. बंद शेड बरी की उघडी? आणि कुंपणाच्या भिंतीतच ब्रॅकेट ठोकून त्यावर फळ्या ठेवल्या तर खांबांची जागा वाचेल, ते चालेल का?

ओळंबा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात धोका आहे. कुंपणाच्या भिंतीवर भार टाकू नका.

हिशेब करून बघा. १० फूट लांब, ८ इंच रुंद, १ इंच जाड अशी सागाची एक वाळलेली फळी साधारण १० किलो भरते. १६ इंच खोल आणि १० इंच उंच थप्पीचा एक मजला धरा. मधल्या फटी वजा केल्या तरी त्यात दीडशे किलो लाकूड बसतं. असे चार मजले म्हणजे ६०० किलो. लाकूड ओलं असेल तर त्याच्या दीडपटही होईल. हे सगळं वजन भिंतीपासून पुढे लटकणार, म्हणजे ते भिंतीला वरून बाहेर ओढणार. कुंपणाची भिंत उभं राहण्यापुरती बांधलेली असते, आडवा ओढा सोसायला नाही.

खांब स्वतंत्र उभे करा आणि प्रत्येक खांबाचा पाय इंग्रजी एल अक्षरासारखा पुढे काढा, वरचे हात, म्हणजे फळ्या ठेवायचे आडवे दांडे, जितके लांब तितकाच. मग भाराचा मध्य पायाच्या आत पडतो आणि रॅक स्वतःहून पुढे कलत नाही. तरीही पाय काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने आवळाच. बोळात जमीन ओली राहते, तेव्हा खांब लोखंडी चौकोनी पाइपचे घ्या आणि बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची लोखंडी पाटी, जमिनीपासून थोडी वर, काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा. लाकडी खांब मातीत गाडले तर त्या जागी वाळवी आणि कूज दोन्ही येतात.

गुण्या

शेड बंद की उघडी हे नंतर ठरवा. आधी फळी आत कशी जाणार आणि बाहेर कशी येणार ते ठरवा. अरुंद जागेत लाकूड मावतं, पण ते हलवायला जागा उरत नाही, आणि मग पाहिजे ती फळी काढायला अख्खी थप्पी उपसावी लागते.

तुमचा काटकोन पाहू. दोन्हीकडे पूर्ण ४ फूट मोकळे असतील तर सपाट धरलेली काठी त्या कोपऱ्यातून जास्तीत जास्त सव्वाअकरा फूट लांबीची वळते. १० फुटी फळी वळेल. आता रॅक पार तोंडापर्यंत आणलंत, तर मागे भिंतीलगतची ४ इंच फट धरून त्याने २० इंच खाल्ले आणि बोळ २८ इंचांचा उरला. त्याच कोपऱ्यातून आता जेमतेम पावणेनऊ फुटांची काठी वळते. १० फुटी फळी अडकली. फळीची रुंदी आणि आपले हात यांना लागणारी जागा तर यात धरलेलीच नाही.

म्हणून रॅक बंद टोकाकडे सरकवा आणि तोंडाशी ५ फूट पूर्ण मोकळे सोडा, वर छप्परही नको. छप्पर नसलं की फळीचं एक टोक वर उचलता येतं. १० फुटी फळीचं टोक दुसऱ्या टोकापेक्षा ५ फूट वर नेलंत की तिला आडवी जागा पावणेनऊ फुटांपेक्षाही कमी लागते, आणि कोपरा सहज पार होतो.

रॅकचे खांब फक्त मागे हवेत. पुढे एकही खांब आला तर लांब फळी बाजूने आत सरकवता येत नाही, ती टोकाकडूनच घालावी आणि ओढावी लागते. त्यासाठी रॅकपुढे फळीइतकी सरळ जागा आणि वर माणूस उभा राहील एवढी जागा लागते. तुमच्याकडे ५ फूट बोळाचे आणि ४ वाटेचे, एकूण ९. जमणार नाही. मागे खांब, पुढे हात, समोरची बाजू मोकळी, हीच रचना इथे चालेल. समोरून दार लावायची कल्पना सोडून द्या.

माप: ६ खांब, दोहोंमध्ये २ फुटांना इंचभर कमी अंतर. १ इंची फळीला याहून लांब आधार दिले तर ती हळूहळू झोल खाते, आणि ७ फुटी फळीलाही किमान तीन-चार हात मिळायला हवेत. दीड फुटी चेंबर दोन पायांच्या मध्ये येईल असं खांबांचं पहिलं माप तिथूनच धरा. खांब उभे करण्याआधी जमिनीवर खडूने रॅक आखा आणि १० फुटी रीप हातात घेऊन वाटेवरून आत जाऊन या. कागदावर न दिसणारा नळ किंवा खिडकीचा गज तेव्हाच आडवा येतो.

रंधा

गुण्या यांच्याशी सहमत. बंद खोलीला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं.

लाकडाला वरून छप्पर लागतं आणि बाजूंनी वारा लागतो. कूज आणणारी बुरशी वाढायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. छपराखाली हवेशीर ठेवलेलं लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे १२ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान येऊन स्थिरावतं, म्हणजे सुरक्षित राहतं. तेच लाकूड बंद पेटीत किंवा ताडपत्रीत गुंडाळलं की त्यातून निघालेली वाफ आतच फिरते. तुमचे काळे डाग तिथूनच आलेले असणार. ताडपत्री आजच बाजूंनी वर घ्या, फक्त माथ्यावर राहू द्या.

ओलं लाकूड मात्र या बोळात वाळवू नका, हे कळकळीने सांगतो. थप्पीत दोन थरांमध्ये आपण आडव्या पट्ट्या घालतो आणि वारा त्या पट्ट्यांच्या दिशेने, म्हणजे फळ्यांना आडवा वाहायला हवा. बोळात वारा लांबीच्या दिशेने वाहतो. प्रत्येक पट्टी त्याला अडवते आणि थप्पीच्या पोटात हवा साचून राहते. ओलं लाकूड अंगणात किंवा जिथे दोन बाजू मोकळ्या असतील तिथे रचा, जमिनीपासून फूट-दीड फूट वर. पट्ट्या पाऊण ते १ इंच चौरस, सगळ्या एकाच जाडीच्या आणि एकावर एक ओळंब्यात. पट्टी इकडेतिकडे झाली की फळीला तिथेच बाक येतो. टोकांना पहिल्याच दिवशी मेण किंवा जाड ऑइलपेंट लावा, कारण टोकांमधून पाणी बाकी अंगापेक्षा कितीतरी लवकर निघून जातं आणि म्हणून भेगाही तिथूनच सुरू होतात.

ढोबळ हिशेब १ इंच जाडीला एक वर्ष. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर एका फळीवर खूण करा आणि तीच दर महिन्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की ती बोळातल्या रॅकवर न्या.

पटाशी

पूर्ण उघडी ठेवायला माझा थोडा विरोध. जमिनीवर आपटलेल्या पावसाचे शिंतोडे दीड फुटापर्यंत सहज उडतात. सगळ्यात खालचा मजला दीड फुटावर ठेवा. रॅकचं तोंडाकडचं टोक आडव्या पट्ट्या मारून झाका, दोन पट्ट्यांत अर्धा-पाऊण इंच फट ठेवून. वारा येईल, पावसाची झड अडेल. लांब बाजू झाकायची गरज नाही, समोर घराची भिंत आहेच.

मागे कुंपणाची भिंत आणि लाकूड यांत ४ इंच फट ठेवा. वारा खेळतोच, पण माझ्या मते वाळवीसाठी ती जास्त महत्त्वाची. वाळवी भिंतीवरून मातीची नळी करत चढते. फट असेल आणि टॉर्च मारून भिंत दिसत असेल तर नळी वेळेत सापडते. लाकूड भिंतीला चिकटलेलं असेल तर पहिली खबर पोकळ फळीच देते. रॅकखाली तुकडे, ढलप्या, भुसा काही साठवू नका.

करवत

खडूने आखून पाहिलं. ५ फूट मोकळे सोडल्यावर रीप आरामात वळते, आणि चेंबर तिसऱ्या-चौथ्या खांबाच्या मध्ये येतं. दाराचा विचार सोडला. ओलं लाकूड अंगणात जाईल.

आता छपरात अडकले आहे. उतार कुंपणाकडे दिला तर पाणी शेजाऱ्यांकडे, घराकडे दिला तर आमच्याच भिंतीवर. शिवाय पत्रा पूर्ण ४ फूट टाकला तर आमच्या खिडकीचा उजेड जातो.

ओळंबा

उतार दोन्हीकडे नको, लांबीत द्या. ११ फुटी पन्हाळी पत्रा घ्या, म्हणजे रॅकच्या दोन्ही टोकांना थोडा बाहेर येईल आणि मध्ये जोड लागणार नाही. फुटाला १ इंच ढाळ पुरे, एकूण जवळजवळ फूटभर. पत्र्याच्या नाल्या लांबीतच असल्याने पाणी एका टोकाला येतं आणि पन्हाळ फक्त पत्र्याच्या रुंदीएवढी छोटी लागते. ढाळ तोंडाकडे द्या. बंद टोकाला दिलात तर पानं अडकून पन्हाळ तुंबते आणि रॅकच्या मागे जाऊन ती साफ करणं कठीण. पन्हाळीचा पाइप खाली मोरीपर्यंत न्या, म्हणजे तोंडाशी पागोळ्या गळणार नाहीत.

रुंदी ४ फूट करूच नका. रॅकवर आणि त्यापुढे फूटभर, एवढाच पत्रा. घराच्या बाजूचा सव्वा फूट आकाशाला उघडा राहू द्या. खिडकीला उजेड मिळेल, आणि बोळातली दमट हवा वर जायला वाटही तीच. छपराचा आधार रॅकच्याच मागच्या खांबांवर घ्या आणि वर कर्णात पट्ट्या मारा, नाहीतर एवढी लांब चौकट लांबीच्या दिशेने डुलते. पत्र्याचे हुक नालीच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही, आणि प्रत्येकाला वॉशर लावा.

रंधा

त्यात एक भर. नुसता पत्रा रात्री थंड पडतो आणि खालच्या बाजूने घाम धरतो. सकाळी तेच थेंब वरच्या फळ्यांवर पडतात, आणि पाऊस नसताना लाकूड ओलं कसं झालं ते कळत नाही. पत्र्याखाली इन्सुलेशनची शीट लावा, किंवा वरच्या थप्पीवर एक टाकाऊ प्लाय पट्ट्यांवर उचलून ठेवा. उजेडासाठी पारदर्शक शीट घालायचा मोह होईल, पण खालची फळी उन्हाने एका बाजूने वाळून पीळ घेईल.

करवत

प्लायच्या शीट्स कुठे? हात १६ इंचांचे, शीट ४ फुटी.

गुण्या

प्लाय बाहेर नकोच. कडेतून ओल घेते आणि एकदा फुगली की परत बसत नाही. १८ मिलिमीटरची पूर्ण शीट तीसेक किलोची असते, तिला त्या कोपऱ्यातून वळवणं एकट्याचं काम नाही. घरातच भिंतीलगत, दोन रिपांवर, जवळजवळ उभी ठेवा. फार तिरकी टेकवली तर पोटात बाक येतो.

रॅकवर रचताना सगळ्यात जड वासे खालच्या मजल्यावर, लांब फळ्या मधल्या दोन मजल्यांवर, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, कारण १० फुटी फळी डोक्याच्या वर उचलून अरुंद जागेत सांभाळणं धोक्याचं. वर फक्त हलके, लहान तुकडे. चेंबरवर येणाऱ्या भागात खालच्या मजल्यावर आखूड फळ्याच ठेवा, म्हणजे झाकण उघडायची वेळ आली तर दोन-चार फळ्या बाजूला केल्या की झालं. हातांना पुढच्या टोकाकडे किंचित चढ द्या, अर्धा इंच पुरे. वाकून आडवे झाले तरी फळ्या पुढे घसरणार नाहीत.

पटाशी

आणि वेल्डिंग झाल्यावर हातांच्या टोकांना रबरी टोप्या बसवा. २८ इंचांच्या वाटेत ती टोकं नेमकी बरगडी आणि डोळ्यांच्या उंचीवर येतात.